ऐंशी मिनिटांची डिस्क, नव्वद मिनिटांचं भीमपूर

तुमच्या पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे गेले. आपली सुजाताही गेली, मुलं तिकडे शाळेमुळे अडकलेली, तिला जास्त थांबता आलं नाही. सतरंज्या विहारात परत पोचल्या, मोठं पातेलं घासून शेजारी दिलं. आता घरात आवरायचं एकच उरलं आहे, खिडकीजवळचं कॉम्प्युटरचं टेबल. त्यावर तुमचा टेपरेकॉर्डर आहे, त्यातून निघालेली वायर आहे, आणि वायरीच्या टोकाला तुम्ही चिकटवलेला कागदाचा कपटा: ‘निळ्यात’. मी आवरायला बसते आणि उठते. दमले आहे. रडून नाही. लोकांना चहा देऊन, तेच तेच सांगून दमले आहे. येणारा प्रत्येक जण शेवटी काय झालं होतं ते विचारतो आणि मी पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ते सांगायची गरज नाही. तुमच्याशी मला दुसरं बोलायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं.

हे सुजाताच्या तारा आणि निशांत यांच्यासाठीही लिहिते आहे. त्यांना देवनागरी अडखळत वाचता येते, उरलेलं सुजाता वाचून दाखवेल. म्हणून मधे मधे तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगेन. कंटाळू नका.

दिवाळीनंतर व्हिडिओ कॉलवर ताराने विचारलं होतं की आजोबा तहसील कचेरीत कारकून होते हे कळलं, पण त्यांना आवडायचं काय? तुम्ही उठलात. आत गेलात, ट्रंक उघडलीत आणि एक कॅसेट आणून कॅमेऱ्यासमोर धरलीत. पोरीला वाटलं ही एखादी डबी आहे. तिने आत काय आहे विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, “भीमपूर आहे.”

मुलांनो, सुट्टीच्या दिवशी तुमचे आजोबा वांकिडीच्या गणपतदादांच्या गायन पार्टीबरोबर जायचे. दादा जयंतीची गाणी स्वतः रचायचे आणि स्वतः गायचे. मागे पेटी, ढोलकी, कोरस. आजोबा गाणारे नव्हते. त्यांच्या हातात दुसरा माइक असायचा आणि ते नावं घ्यायचे. गाणं रंगात आलं की ऐकणाऱ्यांतून कोणीतरी उठून पुढे येई आणि पेटीवर काही ठेवी, एखादं नाणं, नारळ, फडक्यात बांधलेली तूर. दादा तिथेच थांबत. ढोलकी हळू चालू राही आणि आजोबा त्या माणसाचं पूर्ण नाव घेत. आयुष्मान अमुक, मग वडिलांचं नाव, आडनाव, राहणार भीमपूर, यांच्याकडून पार्टीला नारळ सप्रेम भेट. तो माणूस गर्दीत उभा राही, हात जोडी, जय भीम म्हणे आणि खाली बसे. मग गाणं जिथे सुटलं होतं तिथून पुढे.

भीमपूरचा तो कार्यक्रम दुपारी झाला होता, कारण संध्याकाळच्या लाइटचा भरवसा नव्हता आणि माइक बॅटरीवर होता. मी सुजाताला मांडीवर घेऊन बायकांत बसले होते. मधेच गणपतदादांचा गळा बसला. त्यांनी आपला माइक तुमच्याकडे ढकलला आणि हाताने खूण केली, गा. तुम्ही गायलात. शाळेत निघालेल्या पोरीचं ते गाणं. मी तुम्हाला त्याआधी गाताना ऐकलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

त्या दुपारची कॅसेट शाळेतल्या कोणीतरी भरली होती. अशी दुसरी एक कॅसेट होती, वांकिडीची, पण वरून पुन्हा भरता येऊ नये म्हणून तोडतात ती मागची खिट्टी तोडायची राहिली होती आणि पुतण्याने तिच्यावर सिनेमाची गाणी भरून टाकली. तेव्हापासून तुम्हाला पुसलं जाणारं काही चालत नसे. निशांतने पेनड्राइव्ह सुचवला तर तुम्ही म्हणालात, “पेनड्राइव म्हंजे पाटी. मले पाटी नको, मले दगडावर पाह्यजे.” दगड म्हणजे डिस्क. एकदा भरली की वरून कोणी काही भरू शकत नाही. शिवाय विहारातल्या जुन्या प्लेअरला डिस्कच लागते, तीही गाण्यांची. तुम्हाला ती विहारात ठेवायची होती, दर जयंतीला लागावी म्हणून, आपण दोघं असू वा नसू.

कोऱ्या डिस्का मिळेनात. बाजारातल्या दुकानदाराने ‘लेवु, मेडम’, नाहीत, असं तेलुगूत म्हणून हात हलवला आणि मोबाइलची कव्हरं दाखवू लागला. तुम्ही स्टूल ओढून तिथेच बसलात. शेवटी कंटाळून तो आत गेला आणि धूळ बसलेला गोल डबा घेऊन आला. घरी येईपर्यंत तुम्ही तो डबा बाळासारखा धरला होता, आणि मी रिक्षात तुमच्यावर हसत होते.

मग आपलं काम सुरू झालं. इंग्रजी मी वाचायची, कान तुम्ही लावायचा, अशी वाटणी होती. पहिल्या दिवशी वायर कॉम्प्युटरच्या गुलाबी भोकात घातली आणि आवाज असा फाटून आला की तापल्या तव्यावर पाणी पडावं. ते माइकचं भोक होतं, एवढा जोराचा आवाज त्याला सोसत नाही. निळ्यात घातली. आता आवाज फाटेना, पण हंड्यातून यावा तसा पोकळ येऊ लागला. आपण ‘असंच असेल जुन्या कॅसेटचं’ म्हणून पूर्ण बाजू भरून घेतली. ऐकायला बसलो तर गणपतदादांच्या दुसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी झाली.

तुम्ही म्हणालात, “सैपाक चालू असंन कोनाकडं.” मी म्हटलं, त्या काळात, भीमपूरच्या पटांगणात, कुकर? तुम्ही म्हणालात, मास्तरीणबाई, तुम्ही काय भीमपूरच्या लोकांकडं कुकर नसते समजता काय. मग थोड्या वेळाने त्या दुपारच्या गर्दीत तुमचा आजचा खोकला आला, त्यामागोमाग मी तुम्हाला औषध घेतलंत का विचारते ते आलं, आणि आपण दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. मुलांशी बोलायला सुजाताने बसवून दिलेला तो छोटा कॅमेरा. त्याच्या कानाने कॉम्प्युटर सगळं ऐकत होता. वायर नुसती लावलेली होती, तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. स्पीकरमधून येणारी कॅसेट आणि आपली खोली त्याने मिळून भरली होती. मी आवाजाच्या सेटिंगची खिडकी उघडली, कॅमेऱ्यावरची खूण काढली, निळ्या भोकावर, म्हणजे लाइन-इनवर केली, आणि पुढच्या वेळी भीमपूर स्वच्छ आलं.

तरी तुम्ही पंखा बंद करायचं सोडलं नाहीत. मार्च लागला होता. मी समजावलं की आता आवाज वायरीतून जातो आहे, खोलीत ढोल वाजवला तरी त्यात यायचा नाही. “जाते का नाही जात ते त्या मशीनले मालूम,” तुम्ही म्हणालात, “आपून कायले जोखीम घ्याची.” आणि डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसून राहिलात. तुमच्यामुळे मीही घामात बसले. दूधवाला आला तर त्याला दारातच तोंडावर बोट ठेवून गप्प केलंत. तो नंतर मला विचारत होता की साहेबांकडे कोणी झोपलं आहे काय.

कुकरची शिट्टी असलेली ती फाइल मी त्याच दिवशी काढून टाकली. कचरापेटीसुद्धा रिकामी केली, माझ्या सवयीप्रमाणे. त्यात आपण दोघं बोलत होतो. असो.

पुढचं तुम्हाला आठवत असेलच. आवाज स्वच्छ होता पण गोधडीखालून यावा तसा दबलेला होता. तुम्ही चष्म्याच्या दुकानातला इवलासा पेचकस आणलात आणि टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा स्क्रू, कॅसेट चालू असतानाच, केसभर इकडे केसभर तिकडे फिरवत राहिलात. मी ओरडत होते की असेल नसेल ते बिघडवाल. एका जागी तो आवाज उघडला. पेटीचे सूर वेगवेगळे झाले, मागे कुठेतरी बैलाच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. तुम्ही हात तसाच धरून ठेवलात, जणू हलवला तर पुन्हा मिटेल.

मी ती फाइल सुजाताला पाठवली तर तिच्याकडे उघडेना. तुम्ही चिडलात. मी वाचून वाचून शोधून काढलं की आपण जपून ठेवली ती आवाज भरायच्या प्रोग्रामची स्वतःच्या कामाची फाइल होती, ती त्याच्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. इतरांसाठी वेगळी काढून द्यावी लागते. हे तुम्हाला कसं सांगावं याचा मी विचार करत होते, आणि तुम्हीच म्हणालात, हां, म्हंजे ही मिसल झाली, कचेरीतच राहते. लोकायले नक्कल काढून द्या लागते. पुढे तुम्ही ‘नक्कल काढली काय’ असंच विचारायचात, आणि मीही तसंच म्हणू लागले.

आधी एकेक बाजू भरून पाहताना डिस्का वाया गेल्या. एक भरता भरता लाइट गेली. एक आपल्या कॉम्प्युटरवर वाजली पण विहारातला प्लेअर तिला हात लावेना, कारण मी गाण्यांची डिस्क बनवण्याऐवजी नुसत्या फाइली तिच्यावर ठेवल्या होत्या. एक सगळ्यात जास्त वेगाने भरली आणि अडखळायला लागली. फुकट गेलेल्या डिस्का तुम्ही दोऱ्याला बांधून सीताफळाच्या झाडाला टांगल्यात, पोपट येऊ नयेत म्हणून. पोपट येतच राहिले.

शेवटी सगळं जमलं, दोन्ही बाजू एकत्र घेतल्या, वेग सगळ्यात कमी ठेवला, आणि कॉम्प्युटरने सांगितलं की हे मावणार नाही. कॅसेट नव्वद मिनिटांची, गाण्यांची डिस्क ऐंशीची. मी मोजून पाहिलं. नुसती गाणी ठेवली आणि मधली नावं काढली, तर मावत होतं. मला ते अगदी सरळ वाटलं. मी नावं निवडून कापायला घेतली, आणि तुम्ही माझा माउसवरचा हात धरलात.

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

तुमचं म्हणणं, नावं काढायची नाहीत. माझं म्हणणं, मग काय काढू? तुम्ही म्हणालात, “माहं गानं काढ.” नावं ठेवली आणि तुमचं एक गाणं, त्याच्या आधीचा दादांच्या खोकल्याचा आणि पेटी जुळवण्याचा सगळा घोळ काढला की नेमकं बसत होतं. तुम्ही आधीच मनात हिशेब करून बसला होतात. मी म्हटलं दुसरं कोणाचं तरी काढू. तुम्ही नाही म्हणालात. दादांची पोरं वांकिडीत वाट पाहत आहेत, त्यांच्या बापाचं काढून आपलं ठेवायचं बरं दिसत नाही. मी म्हटलं, मग दोन डिस्का करू. तुम्ही हसलात, ते हसणं मला आवडलं नव्हतं. “दुसऱ्या डिस्कवर कोनाले टाकू? पयली लावतीन, दुसरी कवरात पडून राहीन. जलमभर मांगं बसले ते लोक. पुन्हा मांगंच बसवू काय?”

मुलांनो, आजोबा कशाबद्दल बोलत होते ते सांगायला हवं. त्या गावातली आपली माणसं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. त्यांना कोणी पुऱ्या नावाने हाक मारत नसे. कचेरीच्या जुन्या कागदांत सुद्धा ती नावं तुटकी लिहिलेली असत, मागे तेलुगूतलं तुच्छतेचं गाडु लावलेली, जनावराला हाकारावं तशी. आजोबांनी ते कागद रोज हाताळले होते. कार्यक्रमाच्या आधी ते लोकांत फिरून प्रत्येकाला पूर्ण नाव विचारत. एका म्हाताऱ्याने त्यांना म्हटलं होतं, पुरं नाव कोन इचारते, भाऊ, मलेच आठवा लागते.

हे सगळं मला कळत नव्हतं असं नाही. मी तिथे बसले होते, मी ती माणसं उभी राहताना पाहिली होती. पण मी दुसरंही पाहिलं होतं. कार्यक्रम संपला की दादांच्या गळ्यात हार पडायचे, ढोलकीवाल्याच्या पडायचे, आणि तुम्ही वायर गुंडाळत असायचात. त्या एका दुपारी तुम्ही गायलात आणि कोणाच्या लक्षात राहिलं नाही. भीमपुरातसुद्धा तुम्ही नावंवाले भाऊच. मला ते गाणं विहारात लागायला हवं होतं, लोकांसमोर. आपल्या माणसाबद्दल एवढं वाटणं यात काय चुकलं, हे मला तुम्ही कधी समजावून दिलं नाही. मी तुम्हाला म्हटलं, “आयुष्यभर दुसऱ्यांची नावं घेत उभे राहिलात. तुमचं कोणी घेतलं?”

तुम्ही टॉवेलने मान पुसलीत. “माहं काऊन घ्या लागते? माइक माह्याच हाती होता.”

मी आणखी चिडले. नंतरचे कितीतरी दिवस डिस्कचा विषय निघाला की दोघांपैकी एक जण उठून जायचा. मी माझ्या पद्धतीची डिस्क बनवून ठेवली, तुमच्या गाण्यासकट, नावांशिवाय. तुम्हाला ती दिसली असणार. मी टेबलावरच ठेवली होती. तुम्ही तिला हात लावला नाहीत आणि काही बोललाही नाहीत, आणि मला वाटलं की तुम्ही मानलंत. दवाखान्यात तुम्ही विचारलंत, नक्कल निघाली काय. मी हो म्हटलं. कोणती निघाली ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. तुमचा हात गार होता, मला तेवढंच सुचत होतं.

पुण्यानुमोदनाच्या आधी विहारातली मंडळी आली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी हॉलमध्ये भीमपूर लावू या म्हणाले. तरुण मुलं म्हणाली मोबाइल जोडून लावू, पण मी डिस्कच म्हटलं. मोबाइल कोणाचा तरी असतो आणि त्याच्याबरोबर निघून जातो. डिस्क विहाराची राहणार होती, तुम्हाला हवी होती तशी. डिस्क माझ्याकडे तयारच होती. मला बरं वाटलं, हेही लिहिते. तुम्ही गेलात आणि आता तुमचं गाणं हॉलमध्ये लागणार, आणि नको म्हणायला तुम्ही नाही.

मग चंद्रभागाबाई आल्या. भीमपूरच्या, तुम्ही त्यांना ओळखता, मी ओळखत नव्हते. दुपारच्या बसने आल्या, जमिनीवरच बसल्या, नुसता माझा हात धरला. मला ते आवडलं, कारण बाकीचे सगळे बोलत होते. त्यांना चहा दिला. जरा वेळाने त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि विचारलं की भाऊ म्हणत ते हेच काय. मला वाटलं त्यांना गाणी ऐकायची आहेत. मी डिस्क लावली.

त्या ऐकत बसल्या. एक गाणं झालं, दुसरं झालं. मान हलवत होत्या, पण गाण्याला नाही. कशाची तरी वाट पाहत होत्या. तुमचं गाणं आलं आणि मी त्यांना सांगितलं, हे आमचे गात आहेत. त्या म्हणाल्या हो काय, चांगलं हाये, आणि पुन्हा वाट पाहू लागल्या. डिस्क संपली. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, “बाई, आमच्या बापाचं नाव येते म्हने याच्यात. भाऊनं सांगतलं होतं मले, मागच्या साली, बाजारात भेटले तवा. आमच्याकडं त्याह्यचा फोटू नाही. कायीच नाही.”

मी काय बोलणार होते? नाव होतं, मी काढलं, कारण माझ्या नवऱ्याचं गाणं बसत नव्हतं? हे वाक्य मी मनात जुळवून पाहिलं. इंग्रजीतही जुळवून पाहिलं. तोंडातून काढण्यासारखं ते कुठल्याच भाषेत नव्हतं.

मी त्यांना म्हटलं थांबा, ही दुसरी आहे. पूर्ण फाइल उघडली. नाव शोधायला वेळ लागला, कारण मी नावांच्या जागी खुणा केल्या होत्या त्या काढण्यासाठी, ओळखण्यासाठी नाही. त्यांनी बापाचं नाव सांगितलं आणि मी एकेक जागा वाजवत गेले. शेवटी तुमचा आवाज आला. ढोलकी हळू, मागे कोणाचं तरी पोर रडतं आहे, कदाचित आपलीच सुजाता. तुम्ही म्हणालात, आयुष्मान चंपतराव कोंडबाजी वाघमारे, राहणार भीमपूर, यांच्याकडून पार्टीला तूर सप्रेम भेट.

चंद्रभागाबाई उठून उभ्या राहिल्या. गुडघे दुखतात त्यांचे, टेबलाला धरून उठल्या. कॉम्प्युटरसमोर हात जोडून जय भीम म्हणाल्या आणि बसल्या. पुन्हा लावा म्हणाल्या नाहीत. एकदा पुरे होतं त्यांना. बसची वेळ झाली म्हणून निघाल्या. मी दारापर्यंत गेले तेव्हा एवढंच म्हणाल्या, “लई मोकळा आवाज होता भाऊचा.”

त्या गेल्यावर मी टेबलाशी बसले आणि तुमची डिस्क बनवली. तुम्ही जिंकलात असं समजू नका. मला अजून पटलेलं नाही. त्या बाईंना तोंड दाखवता यावं म्हणून मी ती बनवली. कॉम्प्युटरच्या पट्टीवर तुमचं गाणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत निवडलं, ते निळं झालं, आणि मी किती तरी वेळ ते नुसतं निळंच ठेवलं. मग कापलं. सगळ्यात कमी वेग ठेवला. पंखा बंद केला. तुम्ही नव्हतात, आवाजही वायरीतून येत नव्हता, डिस्कला पंख्याशी काही देणंघेणं नव्हतं, तरी बंद केला. घामात बसून ती पट्टी हळूहळू भरत जाताना पाहत राहिले. भरून झाल्यावर पूर्ण वाजवून पाहिली, विहारातल्या प्लेअरवर चालेल ना याची खात्री केली. माझं काम मी नीट केलं.

विहारात ती लागली. तुमचा आवाज एकेक नाव घेत गेला आणि हॉलमध्ये कुठे ना कुठे कोणी तरी उभं राहत गेलं. कोणाचा मुलगा, कोणाची सून, एका नावाला तर तिघं भाऊ एकदम उठले. तरुण पोरांना आधी कळेना की म्हातारी माणसं अशी मधेच का उठतात. मग तीही उठू लागली, आपल्या आजाचं नाव कधी येतं म्हणून कान देऊन बसली. काही नावांना कोणीच उठलं नाही. तिथे ढोलकी तेवढी वाजत राहिली.

नंतर अध्यक्ष बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले. म्हणाले, भाऊ स्वतः कधी गायले नाहीत, पण गाणाऱ्यांना त्यांनी साथ दिली. सुजाताने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात दाबला आणि बसून राहिले. उठून सांगायला हवं होतं का? माझ्यात त्राण नव्हतं. आणि पुरावा मीच कापून घरी ठेवून आले होते.

मुलांना पाठवण्यासाठी मी तिसरी डिस्क भरायला घेतली तेव्हा निशांतने कळवलं की आजी, आमच्या घरात डिस्क घालायला कुठे जागाच नाही, फाइल पाठव. फाइलला ऐंशी मिनिटांचं बंधन नसतं. नव्वदची नव्वद मिनिटं, दादांचा खोकला, नावं, गाणं, सगळं त्यांच्या फोनवर गेलं, चहा निवायच्या आत. मला हसू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही दाखवायला समोर कोणी नव्हतं.

ताराने पूर्ण ऐकलं म्हणे. तिने लिहिलं की नावं घेणारे आजोबा आहेत हे तिने लगेच ओळखलं, फोनवर बोलायचे तसाच आवाज आहे. पण ते शाळेच्या मुलीचं गाणं कोण म्हणतं आहे? मी लिहिलं, तेही आजोबाच. ती म्हणाली खरंच? मग लगेच पुढचा प्रश्न आला: मग पुन्हा का नाही गायले?

मी उत्तर लिहायला घेतलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. गाणं ठेवायचं की काढायचं यावर मी तुमच्याशी एवढी भांडले. त्याआधी कितीतरी वर्षं, कामं करताना, मनातल्या मनात ते ऐकलं. पुन्हा का गायला नाहीत, हे मात्र तुम्हाला एकदाही विचारलं नाही. दादांचा गळा नंतर पुन्हा कधी बसला नाही म्हणून? की त्या दिवशी तुम्ही गात होतात तेव्हा नावं घ्यायला कोणी नव्हतं, आणि कोणी तरी पेटीवर काही ठेवून तसंच परत गेलं? हे मी आत्ता लिहिता लिहिता सुचलेलं आहे. तुम्ही यातलं काही म्हटलेलं नाही, आणि पोरीला मी आपल्या मनाचं रचून सांगणार नाही.

तिचा प्रश्न तसाच आहे. काल तिने पुन्हा एकदा नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं.